परसातल्या तळ्यासाठी बाहेरचा पंप कसा निवडावा

पुण्यात बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत तळं करायचं ठरलं की हमखास एक सल्ला मिळतो : "गच्चीवर पाणी चढवायला असते तसली अर्ध्या एचपीची मोटर लावा, काम होऊन जाईल." मीही सुरुवातीला तेच केलं. आवाज आणि बिल दोन्ही झेपेना, म्हणून रात्री झोपताना मोटर बंद करू लागलो. एप्रिलातल्या एका पहाटे बघतो तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. दोन कोई (रंगीत शोभेचे कार्प मासे) त्या दिवशी गेले.

तळ्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटे. रात्रभर पाणवनस्पती आणि शेवाळंही तो वापरत असतात, आणि उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. शिवाय फिल्टरमध्ये घाण पचवणारे जिवाणू वाढलेले असतात. पाणी फिरायचं थांबलं की काही तासांत तेही मरू लागतात. म्हणून मासे असलेल्या तळ्याचा पंप चोवीस तास चालला पाहिजे. निवडीचा सगळा हिशेब इथूनच सुरू होतो.

बाहेरचा पंप हवाच का?

तळं दीड-दोन हजार लिटरच्या आतलं असेल तर सरळ पाण्यात बुडणारा छोटा सबमर्सिबल घ्या. मोठं तळं, धबधबा आणि वेगळा फिल्टर असेल तर मात्र बाहेरचा पंप सोयीचा पडतो. साफसफाईला पाण्यात उतरावं लागत नाही, माशांच्या पाण्यात वीज जात नाही आणि पंप सहसा जास्त वर्षं टिकतो.

पाणी मोजा

लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि २८.३ ने गुणा, लिटर मिळतात. माझं तळं १० फूट लांब, ६ फूट रुंद, अडीच फूट खोल. म्हणजे १५० घनफूट, साधारण ४,२५० लिटर. कडा उतरत्या आहेत म्हणून ४,००० धरले. साधे मासे असतील तर दोन तासांत एकदा सगळं पाणी फिरलं पाहिजे, कोई असतील तर तासात एकदा. कोई खातात खूप आणि घाणही तेवढीच करतात. त्यामुळे मला हवे होते ताशी ४,००० लिटर.

हेड काढा, घाई करू नका

पंपाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला प्रवाह हा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मिळतो. प्रत्यक्षात पाणी वर चढतं, पाइपात घासतं, फिल्टरमध्ये अडतं. या सगळ्या विरोधाची मीटरमधली बेरीज म्हणजे हेड. कात्रजच्या तलावाचं पाणी पेशवाईत शनिवारवाड्यापर्यंत आलं ते केवळ उताराच्या जोरावर. आपल्याला तोच उतार विजेने विकत घ्यायचा असतो, म्हणून एकेक मीटर मोजून खर्च करावा.

तळ्याच्या पाण्याच्या पातळीपासून धबधब्याच्या माथ्यापर्यंत माझ्याकडे ४ फूट, म्हणजे १.२ मीटर. पुढचा भाग पाइपाचा, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ताशी ४,००० लिटर पाणी एक इंची पाइपातून १० मीटर नेलं तर घर्षणातच जवळजवळ २ मीटर हेड जातं. तेच दीड इंची पाइपातून नेलं तर जेमतेम ०.२ मीटर! पाइपाच्या किमतीतला फरक एकदाच सोसायचा असतो, बिल मात्र दर महिन्याला येतं. प्रत्येक एल्बोचा, म्हणजे काटकोनी जोडाचा, साधारण एक मीटर पाइप धरा आणि जिथे जमेल तिथे त्याऐवजी दोन पंचेचाळीस अंशी बेंड वापरा. प्रेशर फिल्टर (बंद टाकीचा, ज्यातून पाणी दाबाने ढकलावं लागतं) असेल तर त्याचे दीड-दोन मीटर धरा. माझी बेरीज साडेतीन मीटरच्या आसपास आली.

आता दुकानात जा

दुकानदाराला एचपी सांगू नका. "साडेतीन मीटर हेडला ताशी चार हजार लिटर देणारा, चोवीस तास चालणारा पंप हवा," असं सांगा आणि त्या मॉडेलचा हेड-डिस्चार्ज तक्ता, म्हणजे किती हेडला किती पाणी मिळतं त्याचा तक्ता, मागा. तक्ता नसेल तर तो पंप घेऊ नका.

असा आग्रह का, तर पाण्याच्या हिशेबाने या कामाला फक्त ३८ वॅट लागतात. छोट्या पंपांची कार्यक्षमता कमी असते, तरी चांगला पंप साधारण १२० वॅटमध्ये हे काम करतो. महिन्याला ८६ युनिट. अर्ध्या एचपीची घरगुती मोटर ५५० वॅट खेचत असेल तर तेच ३९६ युनिट होतात आणि बिलाचा स्लॅबही चढतो. वर ती मोटर टाकी भरेपर्यंत चालण्यासाठी बनवलेली असते. तिच्या पाटीवर ६ ते ३० मीटर असं काही हेड लिहिलेलं दिसेल, आणि असा सेंट्रिफ्यूगल मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) ठरलेल्या हेडच्या खाली सतत चालवला तर मोटरवर लोड येऊन वाइंडिंग जळू शकतं. स्विमिंग पूलचा पंपही याच कारणाने नको.

पाटीवर एस१ लिहिलंय का पाहा. त्याचा अर्थ सतत चालणारा. आयपी५५, म्हणजे धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण, असेल तर उत्तम. आतला इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) पितळी नको, कारण पाण्यात उतरलेलं तांबं माशांना घातक असतं. प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टील घ्या.

बसवताना

शक्य असेल तर पंप तळ्यातल्या पाण्याच्या पातळीखाली बसवा, म्हणजे पाणी आपोआप पंपात येतं आणि लाइट जाऊन आली तरी पुन्हा प्राइम करावं, म्हणजे पंपात पाणी भरून हवा काढावी, लागत नाही. पण त्यासाठी खड्डा केलात तर त्याला निचरा हवाच, नाहीतर जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पंप बुडेल. निचरा जमत नसेल तर सेल्फ-प्रायमिंग, म्हणजे स्वतःच हवा काढून पाणी ओढणारा, पंप घ्या आणि तो फूटभर उंच ओट्यावर, वर पत्रा घालून पण हवा खेळती ठेवून बसवा. सक्शनचा, म्हणजे तळ्यातून पाणी ओढणारा, पाइप आखूड आणि जाड ठेवा, तोंडाशी जाळीची बास्केट लावा. पंपाच्या दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन (फिरवून सोडवता येणारे जोड) हवेत, म्हणजे दुरुस्तीला पाइप कापावा लागणार नाही.

एप्रिल-मेमध्ये तळं भराभर आटतं. त्यात गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असलं की पातळी सक्शनखाली जाऊन पंप कोरडा फिरतो आणि सील जातं. शंभर-दोनशे रुपयांकडे न बघता फ्लोट स्विच (पाणी खाली गेलं की पंप बंद करणारा तरंगता स्विच) लावा.

अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) यांत मात्र कसलीच काटकसर नको. तळ्यात मुलं हात घालतात. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

बादलीची परीक्षा

पंप सुरू झाल्यावर रंगाची रिकामी २० लिटरची बादली धबधब्याच्या तोंडाशी धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. बादली १८ सेकंदांत भरली तर ताशी ४,००० लिटर मिळताहेत. तो आकडा तारखेसह पंपाच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा मोजा. माझ्याकडे पानगळीत तो २५ सेकंदांवर गेला होता. बास्केट उघडली तर शेजारच्या गुलमोहराची बारीक पानं मुठीएवढा लगदा होऊन बसली होती. ती काढली आणि आकडा पुन्हा १८ वर आला.