वेल्सच्या किनाऱ्यावर सहकुटुंब जाताय? या चुका टाळा

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. माझे सासरे अलिबागचे, त्यामुळे हे गणित त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. जुलैत ते आणि सासूबाई आमच्याकडे बर्मिंगहॅमला आले होते, तेव्हा सगळे मिळून दक्षिण वेल्समध्ये गावर द्वीपकल्पावर रोसिलीला गेलो. तिथून समुद्रात घुसलेलं एक लांबलचक खडकाळ बेट दिसतं, वर्म्स हेड. पाण्यातून डोकं काढलेल्या अजगरासारखं दिसतं, नावही त्यावरूनच पडलंय. ओहोटीला खडकांवरून तिथे चालत जाता येतं. आपल्या कुलाबा किल्ल्यासारखंच.

सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, हिशोब केला. पौर्णिमा होऊन दुसरा दिवस, म्हणजे द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. "दीडला भरती आहे, आत्ता कशाला धावपळ? आरामात जेवू आणि साडेसातच्या ओहोटीला जाऊ. नऊ-साडेनऊपर्यंत उजेड आहेच." मलाही पटलं. नशिबाने जेवायला बसण्याआधी मुलं कड्यावरच्या टेहळणीच्या खोलीपर्यंत पळत गेली आणि आम्ही त्यांच्या मागोमाग. तिथे फळ्यावर त्या दिवशीच्या वेळा खडूने लिहिल्या होत्या. ओहोटी दोनच्या सुमाराला, वाट बंद पावणेपाचला. साडेसातला आम्ही तिथे पोचलो असतो तर वाटेवर डोक्याच्या वर पाणी असतं.

पाऊणपटीचं गणित चुकीचं नाही, ते मुंबई-अलिबागचं आहे. भरतीची लाट अटलांटिककडून येऊन वेल्सला वळसा घालत वर सरकते, म्हणून प्रत्येक बंदराची वेळ निराळी. वेल्सच्याच नैऋत्य टोकाच्या आणि उत्तरेकडच्या लॅन्डुडनोच्या भरतीत चार-पाच तासांचा फरक पडतो. उत्तरेत बाबांचा हिशोब जवळपास जमलाही असता. दक्षिणेत तो नेमका उलटा पडला. पंचांगाचा एक उपयोग मात्र तिथेही होतो: अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दिवसांत उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, हे जगभर सारखंच.

भरतीचं कोष्टक न बघता दिवस ठरवणं

बाकीच्या बहुतेक चुकांनी पैसे जातात, या चुकीने जीवावर बेतू शकतं. ब्रिस्टलची खाडी नरसाळ्यासारखी आत निमुळती होत जाते, त्यामुळे तिच्या आतल्या टोकाला भरती-ओहोटीतला फरक 14 मीटरपर्यंत जातो. मुंबईला उधाणातही तो पाचच्या आसपास असतो. म्हणजे सकाळी जिथे मुलांनी किल्ला बांधला, तिथे दुपारी चार मजली इमारत बुडेल एवढं पाणी! गावरला फरक थोडा कमी, पण आपल्या सवयीपेक्षा खूपच जास्त. सपाट पुळणीवर पाणी समोरून येतं असंही नाही. आधी ते तुमच्या मागच्या सखल पट्ट्यात भरतं आणि तुम्ही उभे असता ती वाळू बेट होऊन बसते.

वर्म्स हेडची वाट ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास, एवढीच उघडी असते. ऐकायला पाच तास भरपूर वाटतात. पण ती वाट म्हणजे वाट नाहीच. धारदार खडक, त्यांवर चिकटलेले शिंपले, मधे शेवाळ, आणि सात वर्षांचं पोर दर तिसऱ्या डबक्यात खेकडा शोधायला थांबणार. कुलाब्याला उशीर झाला तर घोडागाडीवाला पोटऱ्याभर पाण्यातूनही आणून सोडतो, इथे तसं कोणी नाही. त्यामुळे वाट उघडल्याउघडल्या निघा आणि अर्धा वेळ संपला की परत फिरा. अडकलातच तर पाण्यात उतरू नका, पोहायचा तर विचारही नको. उंचावर बसा, 999 ला फोन करून कोस्टगार्ड मागा. पाणी उतरेपर्यंत थंडी वाजेल, बाकी काही होणार नाही.

अजून एक बारीक खोड. छापील कोष्टकात बऱ्याचदा ग्रीनिच वेळ दिलेली असते. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं, म्हणून त्यात एक तास मिळवायचा. कोष्टकाच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी वाचा.

टेन्बीहून कॅल्डी बेटावर जाणाऱ्या होड्याही भरतीच्या तालावर चालतात. पाणी असेल तेव्हा त्या बंदरातून सुटतात आणि ओहोटीला कॅसल बीचवरून. चुकीच्या जागी रांग लावणारं एक तरी कुटुंब रोज दिसतं. बेटावर सिस्टर्शियन पंथाचे साधू राहतात. त्यांच्या मठाचं चॉकलेट मुलांना आणि अत्तर आजीला, असा दोघांचाही प्रश्न सुटतो. मात्र रविवारी होडी नाही.

किनारा दिसला की पाण्यात उतरणं

ऑगस्टमध्येही पाणी 15 ते 17 अंशांच्या आसपास असतं. नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत मुलं दहा मिनिटांत निळी पडतात, म्हणून वेटसूट भाड्याने घ्या. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं. काळे-पांढरे चौकोन असलेला झेंडा सर्फिंगवाल्यांचा, तिथे पोहू नये. लाल झेंडा म्हणजे पाण्यात पाऊलही नको. हवा भरलेला फ्लेमिंगो किंवा मगर घरीच ठेवा, जमिनीकडून वारा सुटला की ती पोराला घेऊन आयर्लंडच्या दिशेने निघते.

उथळ पाण्यात वाळूखाली वीव्हर नावाचा छोटा मासा दडून बसतो. त्याच्या पाठीच्या काट्यावर पाय पडला की पोर किंचाळतं. तेव्हा बर्फ लावू नका. काटा दिसला तर चिमट्याने काढा आणि पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात किमान अर्धा तास बुडवून ठेवा. पाणी आधी स्वतःच्या हाताने बघा, नाहीतर भाजायचं. आमच्या वेळी सासूबाईंच्या थर्मासमधलं चहासाठीचं गरम पाणी उपयोगी पडलं. तेव्हापासून दोन थर्मास नेतो.

पफिन बघायला ऑगस्टमध्ये जाणं

पेम्ब्रुकशरजवळच्या स्कोमर बेटावर 40 हजारांहून जास्त पफिन असतात. नारिंगी चोचीचे हे पक्षी अक्षरशः पायात येतात. फोटो बघून मुलं हट्ट धरतात, शाळेला सुट्टी लागते जुलैच्या शेवटी, आणि पफिन तेव्हाच समुद्रात निघून जातात! एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंतच जा, मे अखेरच्या सुट्टीत जमलं तर फारच छान. होडीचं बुकिंग आधीच करावं लागतं, बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) सोडला तर सोमवारी होडी नसते आणि उत्तरेचा वारा सुटला की फेरी रद्द होते. त्यामुळे हा बेत सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. उतरल्या उतरल्या 87 पायऱ्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांना आधी विचारा.

गुडघ्यांवरून आठवलं. बाराफंडल या किनाऱ्याचे फोटो सगळीकडे दिसतात, पण तिथे गाडी जात नाही. 'स्टॅकपोल की' नावाच्या छोट्या बंदरावर गाडी लावून कड्यावरून अर्धा मैल चालायचं आणि मग पायऱ्या. खाली ना टॉयलेट ना चहाची टपरी. आजी-आजोबा सोबत असतील तर लॅन्डुडनो बरं. समुद्रालगतचा रस्ता सपाट, जागोजागी बाकं, आणि ग्रेट ऑर्म टेकडीवर 1902 सालची ट्राम चढवते. वर काश्मिरी बकऱ्या मोकाट फिरतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये गावात उतरून लोकांच्या बागा खाणाऱ्या त्या याच.

तीन दिवसांत सगळं वेल्स

नकाशावर वेल्स चिमुकला दिसतो. पण किनाऱ्याने जाणारी पायवाटच 870 मैलांची आहे आणि लॅन्डुडनोहून टेन्बीला गाडीने चार तासांहून जास्त लागतात. मधे मोटरवे नाही, ट्रॅक्टर मात्र भरपूर. रेल्वेने जायचं तर मधे इंग्लंडमधल्या श्रूजबरीला जाऊन यावं लागतं. उत्तर किंवा दक्षिण, एकच निवडा.

बर्मिंगहॅमकडून आगगाडीने जात असाल तर मखंथलेथ स्टेशनवर गाडीचे दोन तुकडे होतात. एक ॲबरिस्टविथला जातो, दुसरा किनाऱ्याकिनाऱ्याने पुथ्लेलीपर्यंत. डबा सुरुवातीलाच विचारून घ्या, नाहीतर बॅगा एका गावी आणि आपण दुसऱ्या. पुढे लहान स्टेशनांवर "हात दाखवा, एसटी थांबवा" हीच पद्धत आहे. हात केला नाहीत तर गाडी समोरून निघून जाते.

गाडी चालवणाऱ्यांसाठी एवढंच: सप्टेंबर 2023 पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी 20 मैलांची मर्यादा आहे. रस्त्यावर मोठ्या अक्षरात वेल्श शब्द रंगवलेला दिसेल, उच्चार "आरव", अर्थ "हळू". आमच्या मागच्या सीटवर एक आरव बसला होता. दोन दिवस त्याला वाटत होतं, रस्ता त्याच्या नावाचा आहे.

जेवायचं नंतर बघू म्हणणं

लहान गावांत पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि रात्री साडेआठलाही नकार मिळू शकतो. बाहेर लख्ख उजेड असतो, म्हणून वेळेचा अंदाजच येत नाही. शाकाहारी असाल तर चिप्स कशात तळल्यात ते विचारा, काही ठिकाणी गाईची चरबी वापरतात. वेल्श केकमध्येही कधीकधी डुकराची चरबी असते. उलट ग्लॅमॉर्गन सॉसेज नाव ऐकून नाकारू नका. त्यात मांस नाही. चीज, लीकचा पाला आणि ब्रेडचा चुरा असतो. सासूबाईंनी वेटरला दोनदा विचारून खात्री केली, आणि मग बाबांच्या ताटातलंही उचललं.