जर्मन रीझलिंग पिताय? मग या चुका टाळा

"रीझलिंग ना? ती गोडच असते, मला नको" असं म्हणून बाटली न उघडताच बाजूला ठेवणारे इतके लोक भेटतात की वाईट वाटतं. रीझलिंग ही पांढऱ्या द्राक्षांची एक जात, तिच्या वाइनलाही तेच नाव. 1970-80 च्या दशकात जर्मनीतून लीबफ्राउमिल्श नावाची स्वस्त गोडसर वाइन बाहेर भरपूर गेली, तिच्यात बहुतेक वेळा रीझलिंग नसायचीच, पण बदनाम मात्र रीझलिंग झाली. आज खुद्द जर्मनीत ड्राय, म्हणजे गोड नसलेली, रीझलिंग अगदी सर्रास प्यायली जाते.

सगळ्यात मोठी चूक लेबल वाचताना होते. ट्रॉकन लिहिलंय म्हणजे ड्राय, साखर लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम. फाइनहेर्ब म्हणजे अधलीमधली, तिची कायद्यात पक्की व्याख्याच नाहीये, त्यामुळे दर वायनरीची वेगळी लागते. आणि काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ हे शब्द गोडी सांगत नाहीत, तोडणीच्या वेळी द्राक्षं किती पिकलेली होती ते सांगतात, म्हणूनच तर श्पेटलेझ ट्रॉकनसुद्धा मिळते. गोंधळ होत असेल तर सरळ अल्कोहोलचा आकडा बघा. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल बनवतं, म्हणजे 8 टक्के असेल तर साखर बरीच शिल्लक आहे आणि 12 च्या वर असेल तर बहुतेक ड्राय. मला तर लेबलवरच्या जड जर्मन शब्दांपेक्षा हा आकडाच जास्त उपयोगी वाटतो.

फ्रीजमधून काढून लगेच ओतू नका. एकदम गार वाइनला वासच येत नाही, नुसता आंबटपणा जाणवतो. 15-20 मिनिटं बाहेर ठेवा, 8 ते 10 डिग्रीला हिरवं सफरचंद, लिंबू, पीच असं सगळं हळूहळू कळायला लागतं.

पेट्रोलसारखा, रॉकेलसारखा वास आला म्हणून बाटली ओतून देणारेही आहेत, प्लीज असं करू नका! मुरलेल्या रीझलिंगमध्ये तो वास येतोच, टीडीएन नावाच्या घटकामुळे, आणि कित्येक जण तर त्याच्यासाठीच जुनी बाटली शोधतात. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार, त्यांनी काही होत नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर मात्र कॉर्कमुळे वाइन खराब झालीये, ती परत करा.

आता जेवण. तिखटाबरोबर जास्त अल्कोहोलची वाइन घेतली की तिखट आणखी झोंबतं. मी इथे जर्मनीत घरी केलेल्या तांबड्या रश्श्याबरोबर फाल्झ या वाइनच्या भागातली 13 टक्क्यांची ट्रॉकन उघडली होती, जिभेची आग आग झाली आणि वाइनची चव काही लागलीच नाही. पुढच्या वेळी मोझेल या दुसऱ्या भागातली काबिनेट घेतली, 8 टक्के, थोडी गोडी, भरपूर आंबटपणा, तर प्रत्येक घोटानंतर जीभ शांत होऊन परत रस्सा ओरपावासा वाटत होता. कोकम घातलेल्या माशाच्या आमटीबरोबर पण हीच घ्या, आमटी आंबट आणि वाइन कमी आंबट असेल तर वाइन पाणचट लागते, काबिनेटचं तसं होत नाही.

ती फाल्झची ट्रॉकन वाईट नव्हती हो, तिची जागा वेगळी होती. तिकडे ती झाउमागनबरोबर, म्हणजे डुकराचं मांस आणि बटाटा भरून केलेल्या पदार्थाबरोबर पितात, आणि चरबी असलेल्या पोर्क रोस्टबरोबर, झावरक्राउटबरोबर, म्हणजे आंबवलेल्या कोबीबरोबर, ती फार छान लागते कारण तिचा आंबटपणा तो तेलकटपणा कापतो. वसंतात पांढरा श्पार्गेल (अ‍ॅस्परॅगस) आणि लोणी-अंड्याचा हॉलंडेज सॉस असेल तेव्हाही ड्रायच. स्मोक केलेल्या ट्राउट माशाला काबिनेट.

गोड पदार्थाबरोबर काबिनेट घेऊ नका, केक वाइनपेक्षा गोड असला की वाइन नुसती आंबट लागते. गोड आउसलेझ असेल तर निळ्या बुरशीचं खारट चीज आणा, गोड आणि खारट एकत्र काय लागतं ते एकदा बघाच.

उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस आरामात टिकते.