रॅम बसली, पण लॅपटॉप सुरू होईना

जुना लॅपटॉप फारच रखडायला लागला म्हणून ४ जीबीची रॅम, म्हणजे लॅपटॉपच्या तात्पुरत्या मेमरीची पट्टी, आणली. बसवली, तर पडदा काळाच! खाच जुळत होती, पट्टीही नीट बसली होती. शेवटी जुन्या पट्टीवरचं लेबल वाचलं. तिच्यावर 'पीसी३एल', म्हणजे १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३एल प्रकारची रॅम; मी आणलेली साधी डीडीआर३, १.५ व्होल्टची. माझ्या लॅपटॉपला कमी व्होल्टचीच लागत होती. दोन्हींना २०४ पिना, तिथेच फसलो. बदलून आणली आणि लॅपटॉप लगेच सुरू झाला.

जुन्या प्रकारची रॅम महाग का, हेही तेव्हाच कळलं. चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्याच: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. त्या नव्या प्रकारांकडे वळल्या की जुना माल आटतो. आता दुकानात जाताना जुन्या पट्टीचा फोटो सोबत नेतो.