वाळू येते कुठून : फौंड्रीच्या पर्यावरण विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

शिवाजी विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, रुजू झाले, तेव्हा माझे काम कारखान्याच्या मागच्या गेटपुरतेच आहे अशी व्यवस्थापनाची आणि खरे सांगायचे तर माझीही समजूत होती. मागच्या गेटमधून टाकाऊ वाळूचे डंपर, स्लॅगच्या (वितळलेल्या धातूवरील मळीच्या) ट्रॉल्या आणि वापरलेल्या तेलाची पिंपे बाहेर जात आणि त्यांच्या नोंदी ठेवून वेळेवर विवरणपत्रे भरणे ही माझी जबाबदारी होती. जवळजवळ पाच महिने मी हे काम मन लावून केले. त्या काळात कारखान्यातील कचरा एका किलोनेही कमी झाला नाही, फक्त त्याच्या नोंदी नीटनेटक्या झाल्या.

माझी चूक लक्षात आणून दिली ती मोल्डिंग (साचे बनवण्याच्या) विभागातील एका ज्येष्ठ कामगाराने. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. वजनकाट्यापाशी वही घेऊन उभी असलेल्या मला ते एकदा सहज म्हणाले, "मॅडम, वाळू जाते कुठं ते रोज लिहितासा, येते कुठनं ते एकदा बघा की." त्या वेळी मी हसून मान हलवली, पण पुढच्या आठवड्यात स्टोअरमधून नव्या वाळूच्या खरेदीचे आकडे मागवले आणि ते टाकाऊ वाळूच्या आकड्यांशेजारी मांडले. दोन्ही रकाने जवळपास जुळत होते. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना मला जे सांगायचे आहे, त्यातील बहुतेक भाग या जुळणीतच आहे.

ज्यांनी फौंड्री पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. कोल्हापूरचा हा उद्योग शिवाजी उद्यमनगरातील लहान लहान कारखान्यांतून, ऊस गाळण्याच्या चरकांच्या आणि तेल इंजिनांच्या सुट्या भागांच्या निमित्ताने वाढला आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले असा पसरला. आज येथे मुख्यतः वाहने, ट्रॅक्टर आणि पंप यांसाठी बिडाची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, ओतली जातात. एक किलो कास्टिंगसाठी साच्यात साधारण चार ते सहा किलो वाळू लागते. ही वाळू म्हणजे सिलिका वाळू, तिला धरून ठेवणारी बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची भुकटी आणि तीन-चार टक्के पाणी यांचे मिश्रण असते. तिला ग्रीन सँड म्हणतात, पण ती काळीकुट्ट असते. नवीन माणसाची पहिली फजिती बहुधा या नावावरूनच होते. 'ग्रीन' हा शब्द येथे ओलसर, न भाजलेल्या साच्यासाठी वापरला जातो.

ओतकाम झाल्यावर साचा फोडून कास्टिंग वेगळे काढतात, त्याला नॉकआऊट म्हणतात. साच्याची वाळू गाळून, थंड करून, पुन्हा माती आणि पाणी मिसळून वापरात येते, म्हणजे ती एका चक्रात फिरत असते. मग टाकाऊ वाळू तयार होतेच कशी, हा प्रश्न मला पाच महिन्यांत पडला नव्हता याची आज थोडी लाज वाटते. उत्तर असे की कास्टिंगच्या आतील पोकळी घडवण्यासाठी जे कोअर बसवतात, ते रेझिन (दाणे चिकटवणारे रसायन) घातलेल्या नव्या वाळूचे असतात. नॉकआऊटच्या वेळी हे कोअर फुटतात आणि त्यांची वाळू साच्याच्या वाळूत मिसळते. शिवाय सुमारे 1400 अंश सेल्सिअसच्या रसाला, म्हणजे वितळलेल्या धातूला, लागून असलेल्या थरातील बेंटोनाइट जळून निकामी होते, कारण साधारण 600 अंशांच्या वर त्या मातीची बांधून ठेवण्याची शक्ती कायमची जाते. ही मेलेली माती आणि बारीक धूळ साचत गेली की साच्यातून वायू बाहेर पडेनासा होतो, म्हणून ताजी वाळू घालून मिश्रण सुधारावे लागते. वाळू साठवणाऱ्या हॉपरची आणि वाहून नेणाऱ्या पट्ट्यांची क्षमता मात्र ठरलेली असते. जेवढी नवी वाळू चक्रात शिरेल तेवढी जुनी वाळू बाहेर काढावीच लागते. त्यामुळे टाकाऊ वाळू कमी करण्याचा निर्णय मागच्या गेटवर घेताच येत नाही. तो कोअर शॉपमध्ये, नॉकआऊटवर आणि सँड प्लांटमध्ये घ्यावा लागतो.

यानंतर आम्ही जे केले त्यात चमकदार असे काहीच नव्हते. नॉकआऊटच्या जाळीवर जे कोअर अर्धवट फुटून मोठ्या ढेकळांच्या रूपात पडत, ती ढेकळे साच्याच्या वाळूत जाऊ न देता वेगळ्या पेटीत गोळा करायला सुरुवात केली. सांगायला हे दोन ओळींचे काम आहे, पण त्यासाठी दोन्ही पाळ्यांच्या सुपरवायझरांना राजी करण्यात महिना गेला, कारण त्यांचे मोजमाप साच्यांच्या संख्येवर होत होते आणि माझी पेटी त्यांच्या वाटेत येत होती. पेटी जाळीच्या डाव्या बाजूला सरकवल्यावर विरोध मावळला. पर्यावरणाच्या अभ्यासक्रमात पेटी कुठे ठेवावी हे शिकवत नाहीत. डस्ट कलेक्टरमध्ये जमणारी धूळही आम्ही पूर्वी सरसकट फेकून देत होतो. तिची मिथिलीन ब्लू चाचणी केल्यावर तिच्यात काम करू शकणारी माती बरीच शिल्लक असल्याचे दिसले आणि तिचा काही भाग मोजून परत वापरता आला. अशा धुळीबरोबर काम करताना सिलिकाचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, हे मात्र पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवा आणि योग्य मास्कशिवाय त्या भागात कोणालाही, स्वतःलाही, उभे राहू देऊ नका.

वेगळ्या गोळा केलेल्या कोअर वाळूवर पुढे उष्णता प्रक्रिया करता येते. साधारण 600 ते 800 अंशांना रेझिन जळून जाते आणि स्वच्छ दाणा मिळतो. काळ्या वाळूचे तसे नाही. तिच्या दाण्यांवर मेलेल्या मातीचा घट्ट थर बसलेला असल्याने ती आधी यांत्रिकरीत्या घासून काढावी लागते. मध्यम आकाराच्या एकट्या फौंड्रीला हे संयंत्र परवडतेच असे नाही, म्हणूनच कोल्हापुरात फौंड्रींनी एकत्र येऊन सामायिक प्रकल्पाचा मार्ग धरला. आमच्या कोअर शॉपने पुनर्प्राप्त वाळूला सुरुवातीला साफ नकार दिला होता आणि पहिल्या खेपेतील कोअर हातात मोडू लागल्यावर त्यांचा नकार योग्यच ठरला. त्या खेपेत धूळ जास्त राहिली होती. चाळणी सुधारून वाळू नव्या वाळूत ठरावीक प्रमाणात मिसळल्यावर ताकद टिकली, आणि एकदा भाजून निघालेला दाणा रसाच्या उष्णतेने कमी प्रसरण पावत असल्याने काही कास्टिंगवर उमटणाऱ्या बारीक शिरांचा दोषही कमी झाला. नकार देणाऱ्या विभागाचे ऐकून घ्या. त्यांच्या तक्रारीत तुमच्या प्रयोगाचा पुढचा टप्पा दडलेला असतो.

बाहेर जाणारी वाळू विटा, पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीटमध्ये वापरता येते असे प्रत्येक सादरीकरणात सांगितले जाते. ते खरे आहे, पण आमचा पहिला अनुभव कडू होता. एका पेव्हर ब्लॉकवाल्याला दिलेली काळी वाळू त्याने नेहमीच्या वाळूच्या जागी सढळ हाताने वापरली, उरलेल्या मातीने पाणी शोषले आणि ब्लॉक ठिसूळ निघाले. त्यानंतर तो आमचा फोनही घेईना. दुसऱ्याला कच्चा माल म्हणून काही द्यायचे असेल तर त्याचा दर्जा आपल्या कास्टिंगइतकाच काटेकोर तपासून, प्रमाण लिहून द्यावे लागते. शिवाय ढीग उघड्यावर ठेवू नका. कोल्हापूरचा पाऊस एका रात्रीत काळे पाणी ओढ्यापर्यंत नेतो आणि मग गावकऱ्यांना तोंड देण्याची पाळी तुमच्यावरच येते.

आता ज्या कचऱ्याला फौंड्रीत कोणीच कचरा म्हणत नाही त्याविषयी. नापास कास्टिंग परत भट्टीत जाते, म्हणून ते वाया गेले असे कोणी मानत नाही. मीही मानत नव्हते. पण इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट वीज लागते. समजा 100 किलो रस ओतला आणि त्यातून 60 किलो कास्टिंग मिळाले; उरलेले 40 किलो रनर-रायझरच्या, म्हणजे साच्यातील रसाच्या वाटा आणि साठे यांच्या, रूपाने भट्टीत परत जाते. त्या 60 किलोंपैकी तीन किलो नापास झाले, तर त्या तीन किलोंसाठी प्रत्यक्षात पाच किलो रस वितळवला गेला, बारा ते अठरा किलो वाळूचा साचा बनला आणि मोडला गेला, नव्या वाळूचे कोअर जळाले. तेच कास्टिंग ग्राहकाच्या मशिनिंगमध्ये नापास झाले तर त्यात कूलंट (धातू कापताना वापरायचा थंडावा देणारा द्रव), टूल आणि दोन वेळच्या वाहतुकीचे डिझेलही मिळवावे लागते. म्हणून रिजेक्शनच्या रोजच्या बैठकीत पर्यावरण विभागाचा माणूस बसलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. मला तिथे खुर्ची मिळायला दोन वर्षे लागली.

त्या बैठकीत एक गोष्ट उघड झाली. दर एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे ब्लो होल (कास्टिंगमधील वायूची छिद्रे) आणि वाळू चिकटण्याचे दोष वाढत आणि प्रत्येक जण दुसऱ्या विभागाकडे बोट दाखवी. चक्रातून परत येणारी वाळू नीट थंड होत नव्हती. साधारण 50 अंशांच्या वर गरम वाळूतील पाणी उडत राहते, त्यामुळे मिक्सरवर बरोबर दिसणारी ओल साच्यापर्यंत पोचेतो बदलते; मग ऑपरेटर अंदाजाने पाणी वाढवतो आणि जादा पाण्याची वाफ कास्टिंगमध्ये छिद्रे पाडते. उपाय म्हणून वाळू थंड करण्याची व्यवस्था दुरुस्त झाली आणि दर तासाला तापमान लिहिले जाऊ लागले. या कामाला कोणी पर्यावरणाचे काम म्हटले नाही, पण माझ्या नोकरीतील सर्वांत मोठी कचराकपात तीच होती.

मशीन शॉपमधील काम तुलनेने सोपे आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. कूलंटचे प्रमाण अंदाजाने न ठरवता रिफ्रॅक्टोमीटरने रोज मोजा, वर तरंगणारे तेल स्किमरने काढा, म्हणजे टाकी वारंवार रिकामी करावी लागत नाही. बिडाचा चुरा आणि स्टीलचा चुरा एकत्र होऊ देऊ नका, नाहीतर दोन्हींचा भाव भंगाराचा होतो.

कागदपत्रे टाळता येत नाहीत. घातक कचऱ्याबाबत 2016 चे नियम मुळातून वाचा, कोणाच्या सारांशावर विसंबू नका. वापरलेले तेल, तेलाने माखलेले कापूस, रसायनांची रिकामी पिंपे आणि सांडपाणी प्रक्रियेतील गाळ हे सारे त्यांच्या अनुसूचीत क्रमांकासह दिलेले आहे. असा कचरा सर्वसाधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त काळ साठवता येत नाही, तो अधिकृत ठिकाणी पाठवताना नमुना 10 मधील मॅनिफेस्ट (वाहतुकीची नोंदपत्रिका) लागते आणि नमुना 4 मधील वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत द्यावे लागते. मला सर्वांत उपयोगी वाटलेला कागद मात्र पर्यावरण विवरणपत्राचा नमुना 5, कारण त्यात प्रति एकक उत्पादनामागे कच्चा माल आणि पाणी किती लागले हे विचारलेले असते. मामांनी जे विचारले तेच सरकार दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत भरायच्या या विवरणपत्रात विचारत असते, आणि बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीचे आकडे थोडे हलवून पुढे पाठवले जातात.

शिक्षणाबद्दल विचारणा होते म्हणून सांगते. पर्यावरणशास्त्र किंवा पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी दार उघडते, पण ज्या उद्योगात जाणार त्याची प्रक्रिया शिकल्याशिवाय आत कोणी ऐकत नाही. फौंड्रीसाठी धातुशास्त्राची प्राथमिक पुस्तके आणि सँड लॅबमधील तीन महिने पुरेसे ठरतात. औद्योगिक सुरक्षेची पदविका किंवा ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा केल्यास बाजू भक्कम होते. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केल्यापासून मोठे ग्राहक आपल्या पुरवठादारांकडेही वीज, पाणी आणि कचऱ्याचे आकडे मागू लागले आहेत, त्यामुळे ज्याच्याकडे खरे मोजलेले आकडे आहेत अशा माणसाला आता पूर्वीपेक्षा मागणी आहे.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराची बोलणी होण्याआधी कारखाना दाखवण्याची विनंती करा आणि दाखवणारा माणूस तुम्हाला सांडपाणी प्रकल्पाकडे आणि झाडांच्या रांगेकडे नेऊ लागला, तर आधी नॉकआऊट पाहायचे आहे असे सांगा. तिथे कोअरची ढेकळे कुठे पडतात, रिजेक्शनचा फळा आजच्या तारखेचा आहे की गेल्या आठवड्याचा, आणि नापास कास्टिंगवर खडूने दोषाचे नाव लिहिलेले आहे की नाही, एवढे पाहून घ्या.