ग्रुपमध्ये आरपीजी खेळताय? मग कॅरेक्टर कुठल्या लेव्हलला ठेवायचं ते आधी ठरवा

मित्रांनी मिळून एखादी ऑनलाइन आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, ज्यात आपलं कॅरेक्टर लेव्हल-लेव्हलने वाढवत न्यायचं असतं) सुरू करायची ठरली की क्लास कुठला, वेपन कुठलं, हीलर कोण होणार यावर तासन् तास चर्चा होते पण लेव्हलचा विषय कोणी काढतच नाही, आणि नंतर ग्रुप मोडतो तो बहुतेक वेळा लेव्हलवरूनच मोडतो. एकजण ६० ला पोचलेला असतो, दुसरा अजून २५ ला, मग साठवाल्याला सोपं वाटतं म्हणून तो कंटाळतो आणि पंचवीसवाल्याला करण्यासारखं काही उरत नाही म्हणून तोही कंटाळतो. एकट्याने खेळताना लेव्हल जितकी वर तितकं बरं, यात काही चूक नाही. को-ऑपमध्ये, म्हणजे मिळून खेळताना, मात्र तुम्ही कोणाबरोबर खेळू शकता हेच मुळात लेव्हलवर ठरतं, त्यामुळे इथे थांबायचं कुठे हे आधी ठरवावं लागतं आणि ठरवलं की पाळावं लागतं.

आपल्या पुण्यात तर हे जास्तच लागतं कारण सगळ्यांची सुट्टी एका दिवशी नसते. हिंजवडीवाल्यांना शनिवार-रविवार, भोसरी-चाकणकडे कंपनीत असलेल्यांना बऱ्याचदा गुरुवार, कॉलेजवाल्यांना परीक्षा सोडून कधीही वेळ. शिवाय ग्रुपात एकजण ढोल-ताशा पथकात असतोच, प्रॅक्टिस सुरू झाली की गणपती विसर्जन होईपर्यंत तो संध्याकाळी सापडत नाही. आता गुरुवारवाला घरी एकटा बसला की काय करणार, खेळणारच, आणि शनिवारी सगळे भेटेपर्यंत तो दहा-बारा लेव्हल पुढे गेलेला असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने एकट्याने खेळायचं तर कुठल्या कॅरेक्टरवर हे ग्रुपने आधी ठरवायला हवं होतं. सिंहगड चढताना ग्रुप जसा सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या चालीने चढतो तसंच इथे करा, ज्याला आठवड्यात सगळ्यात कमी वेळ मिळतो त्याची लेव्हल ती ग्रुपची लेव्हल.

आकडा ठरवण्याआधी एक गोष्ट बघायची, तुमची गेम दोन प्लेयरमध्ये नेमकं काय जुळवून बघते. कुठे कॅरेक्टरची लेव्हल बघतात, कुठे वेपनचा अपग्रेड, कुठे आत्तापर्यंत मिळवलेले सगळे पॉइंट, कुठे स्टोरी कुठपर्यंत झाली ते, आणि काही गेममध्ये काहीच बघत नाहीत कारण गेम स्वतःच सगळ्यांना एका पातळीवर आणते. हे माहीत नसताना ‘सगळ्यांनी ५० ला थांबा’ म्हणणं फुकट आहे.

एल्डन रिंग घ्या, २०२२ ची गेम पण अजूनही आपल्याकडे भरपूर चालते आणि लेव्हलचा सगळ्यात जास्त घोळ हिच्यातच होतो. पासवर्ड न टाकता समन करायचं, म्हणजे दुसऱ्याला आपल्या जगात मदतीला बोलवायचं असेल तर होस्टच्या (बोलावणाऱ्याच्या) लेव्हलच्या साधारण दहा टक्के आणि त्यावर आणखी दहा, एवढं खाली-वर चालतं. म्हणजे होस्ट ५० ला असेल तर ३५ ते ६५ मधले लोक, १०० ला असेल तर ८० ते १२० मधले. खालच्या लेव्हलला ही खिडकी अगदी लहान असते म्हणून सुरुवातीलाच फरक पडू देऊ नका, पहिल्या काही दिवसांत पडलेला फरक सगळ्यात जास्त नडतो.

आता लेव्हल जुळली तरी काम होईलच असं नाही. समजा तुम्ही ३० ला आहात, मित्रही ३० ला, दोघं स्टॉर्मव्हेल कॅसलच्या दाराशी उभे, त्याने जमिनीवर साइन (मला बोलवा अशी खूण) टाकली, तुम्ही रेमेडी (साइन दिसायला लागणारी वस्तू) वापरली, आणि तुम्हाला साइन दिसतच नाही, मग नेट बंद-चालू करा, राउटर रीस्टार्ट करा, गेम पुन्हा टाका असं सगळं चालू होतं आणि भानगड असते त्याच्या तलवारीत. त्याने कुठूनतरी अपग्रेडचे स्टोन गोळा करून ती खूप वर नेलेली असते आणि तुमची अजून +३ ला. ही गेम लेव्हलबरोबर वेपनचा अपग्रेडही बघते आणि आत्ता हातात काय आहे ते न बघता आत्तापर्यंतचं सगळ्यात जास्त अपग्रेड केलेलं वेपन धरते. ते विका, पेटीत ठेवा, काही फरक पडत नाही, गेमच्या लक्षात राहतं. साधी वेपन्स +२५ पर्यंत जातात आणि सॉम्बर नावाच्या वेगळ्या स्टोनने वाढणारी +१० पर्यंत, म्हणजे सॉम्बरचं +४ हे साध्याच्या साधारण +१० एवढं धरायचं. म्हणून ग्रुपने लेव्हलबरोबर वेपनचाही आकडा ठरवायचा, स्टॉर्मव्हेलसाठी लेव्हल २५ ते ३५ आणि साधं वेपन +३ ते +५ एवढं पुरेसं आहे.

आणि इथे मागे यायची सोय नाही. लार्व्हल टिअर नावाची वस्तू देऊन पॉइंट इकडचे तिकडे करता येतात, पण लेव्हल कमी करता येत नाही. एकदा वाढवली की वाढली. रून (लेव्हल वाढवायला लागणारं गेममधलं चलन) हातात साठले की माणसाचा हात आपोआप लेव्हल अपवर जातो, तर त्याआधी ते बाण, क्राफ्टिंगचं सामान, स्पेल, चिलखत यात घालवा. मुद्दाम खर्च करा.

पासवर्ड टाकला की लेव्हलची आणि वेपनची अट निघून जाते आणि जो वरचा आहे त्याची ताकद होस्टप्रमाणे खाली आणली जाते. ओळखीच्या लोकांत खेळायचं असेल तर पासवर्ड वापराच. पण हे सगळं जुळून येतं असं समजू नका, खाली आणलेला १५० वाला तरीही ३० वाल्यापेक्षा खूप भारी पडतो, त्याच्याकडे तावीज, स्पेल, ॲश ऑफ वॉर (वेपनला लावायची स्किल) सगळं असतं, बॉसला (त्या भागातल्या मोठ्या शत्रूला) तो एकटाच झोपवतो आणि होस्ट नुसता मागे पळत राहतो. हे मी बऱ्याच ग्रुपमध्ये बघितलंय आणि ज्याची ती पहिलीच वेळ असते त्याचं फार नुकसान होतं, मार्गिट हा सुरुवातीचा बॉस पहिल्यांदा पडतो तेव्हाची मजा परत मिळत नाही. त्यामुळे पासवर्ड असला तरी लेव्हलमधला फरक दहा-पंधराच्या आत ठेवा.

पुढच्या भागांसाठी माझे आकडे असे, लिउर्निया ४० ते ६०, आल्टस आणि लेंडेल ६० ते ९०, डोंगराच्या वर ९० ते १२०. अनोळखी लोकांच्या मदतीला जायचं असेल तर शेवटी १२५ किंवा १५० ला थांबणारे सगळ्यात जास्त सापडतात, तिथे थांबलात तर समन पटापट मिळतात. त्याच्या वर गेलात की लोक विरळ होत जातात. त्या लेव्हलमध्ये पॉइंट कुठे टाकायचे तर आधी व्हिगरमध्ये, म्हणजे आपला जीव वाढवण्यात. को-ऑपमध्ये गेलेल्याला फ्लास्क निम्मेच मिळतात आणि माणसं वाढली की बॉसचं एचपीही (जीव) वाढतं, म्हणजे मार जास्त वेळ खायचा आणि औषध कमी. व्हिगर ४० पर्यंत डोळे मिटून न्या, १२५ ला थांबणार असाल तर ६० पर्यंत गेलं तरी वाया जात नाही, ६० च्या पुढे मात्र फायदा एकदम कमी होतो. दुसऱ्यांच्या मदतीला जाऊन दोन फटक्यांत मरणारा माणूस कोणाच्याच कामाचा नाही.

डार्क सोल्स २ मध्ये वेगळाच प्रकार होता. तिथे लेव्हल बघतच नव्हते, आत्तापर्यंत एकूण किती सोल (तिथलं चलन) मिळवले ते बघायचे, आणि मरून घालवलेले सुद्धा त्यात धरायचे. म्हणजे लेव्हल थांबवूनही उपयोग नाही. ती खेळणार असाल तर ॲगेपी रिंग घाला, मिळणारे सोल त्यात जातात आणि आकडा वाढत नाही.

गेन्शिन इम्पॅक्ट फोनवर चालते म्हणून कॉलेजच्या ग्रुपमध्ये हीच जास्त. इथे ॲडव्हेंचर रँक (अकाउंटची लेव्हल) १६ झाल्याशिवाय को-ऑप उघडतच नाही, त्यामुळे नवीन मित्राला आणलं तर आधी त्याला १६ पर्यंत एकट्याने जाऊ द्या, घाई करून काही होणार नाही. सर्व्हर सगळ्यांचा एकच पाहिजे, अकाउंट उघडताना हे नक्की करून घ्या कारण दुसऱ्या सर्व्हरवर तुमची प्रगती तुमच्याबरोबर येत नाही. मग येते वर्ल्ड लेव्हल, म्हणजे तुमच्या जगातले शत्रू किती भारी ते. तुम्ही तुमच्याएवढ्या किंवा तुमच्यापेक्षा खालच्या वर्ल्ड लेव्हलच्या जगातच जाऊ शकता, वरच्या नाही. म्हणजे होस्ट नेहमी सगळ्यात नवीन मेंबर, बाकीचे त्याच्या घरी पाहुणे. पण इथे पाहुण्यांची ताकद कमी होत नाही, जुना प्लेयर आपली तयार टीम घेऊन गेला की समोरचं सगळं एका फटक्यात साफ. यावर मला पटलेला उपाय म्हणजे जुन्याने त्या दिवशी आपलं नुकतंच मिळालेलं, न वाढवलेलं कॅरेक्टर आणायचं. त्याचीही लेव्हल वाढते आणि नवीन माणसालाही मारायला काहीतरी उरतं. चौघं असलात तर तसंही प्रत्येकाला एकच कॅरेक्टर मिळतं, दोघं असाल तर दोन-दोन.

ज्या गेम स्वतःच लेव्हल जुळवतात तिथे एवढी काळजी नको. गिल्ड वॉर्स २ मध्ये लेव्हल ८० वाला कमी लेव्हलच्या मॅपवर गेला की आपोआप त्या मॅपच्या लेव्हलला उतरतो, फायनल फॅन्टसी १४ मध्ये डंजनला (ग्रुपने करायच्या मोहिमेला) सिंक असतो, म्हणजे तुमची लेव्हल डंजनप्रमाणे खाली आणली जाते, डायब्लो ४ मध्ये एकाच राक्षसाची लेव्हल प्रत्येकाला स्वतःप्रमाणे दिसते. तरी फायनल फॅन्टसीत एक लक्षात ठेवा, सिंक झालात की त्या लेव्हलनंतर शिकलेल्या स्किल वापरता येत नाहीत, ९० चा हीलर १५ च्या डंजनमध्ये गेला की त्याच्याकडे अगदी दोन-चार बटणं उरतात, त्यामुळे जायच्या आधी हॉटबार (स्किलच्या बटणांची पट्टी) एकदा बघून घ्या. बाल्डर्स गेट ३ मध्ये तर एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे पॉइंट) सगळ्यांना सारखे आणि १२ च्या वर कोणी जातच नाही, तिथे प्रश्नच येत नाही.

पाथ ऑफ एग्झाइल खेळणाऱ्यांसाठी हिशोब वेगळा आहे. तिथे एरियाच्या लेव्हलपासून तुम्ही जास्त लांब असलात की एक्सपी कापले जातात. सूट किती तर ३ आणि तुमच्या लेव्हलला १६ ने भागून येईल ती पूर्ण संख्या, यांची बेरीज. ४० ला असाल तर ५, म्हणजे ३५ ते ४५ च्या एरियात पूर्ण एक्सपी. चौघांची लेव्हल लिहून काढा आणि सगळ्यांच्या या मर्यादेत बसेल असा एरिया निवडा, पाच मिनिटांचं काम आहे. नाहीतर चार तास खेळून एकालाच एक्सपी मिळतात आणि बाकीच्यांना कळतही नाही का मिळाले नाहीत.

आता फरक आधीच पडलेला असेल तर काय. मागच्याला ओढून वर आणायचा प्रयत्न बरेच जण करतात, वरचा मारतो आणि खालचा नुसता बरोबर फिरतो, लेव्हल वाढते पण त्याला स्वतःचं कॅरेक्टर चालवता येत नाही, कुठल्या बॉसला कधी डॉज करायचं हे त्याने शिकलेलंच नसतं. मला हे अजिबात पटत नाही. त्यापेक्षा वरच्याने नवीन कॅरेक्टर काढावं. गेम माहीत असलेल्याला मागच्याला गाठायला फार वेळ लागत नाही, आणि जुनं कॅरेक्टर त्याच्या एकट्याच्या गुरुवारसाठी राहतं, ते कितीही वाढवलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. ग्रुपचं कॅरेक्टर मात्र फक्त ग्रुप जमला की उघडायचं.

नवीन काढताना क्लास असा घ्या जो ग्रुपात नाही, सुरुवातीची लेव्हलही बघा, एल्डन रिंगमध्ये रेच १ ला सुरू होतो आणि कन्फेसर १० ला. मग ग्रुपच्या चॅटमध्ये वर एक मेसेज पिन करून ठेवा, त्यात तीनच गोष्टी, कुठल्या लेव्हलला थांबायचं, वेपन कितीपर्यंत न्यायचं आणि कुठला बॉस सगळे असल्याशिवाय मारायचा नाही. तिसरी विसरू नका, कारण होस्टने एखाद्या भागातला बॉस आधीच मारला असेल तर तिथे पुढे तुम्हाला समन करता येत नाही. पथकवाला परत आला की त्याच्या लेव्हलप्रमाणे तो मेसेज बदलायचा आणि तिथून पुढे चालू.