जर्मनीत सिम घेताना: आधी प्रीपेड, करार नंतर

जर्मनीत पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात दुकानात जाऊन दोन वर्षांचा करार करू नका. करारासाठी सहसा जर्मन बँक खातं मागतात आणि लोकांच्या उधारी-परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या शूफा या कंपनीकडे तुमची नोंद बघितली जाते. नव्या माणसाची तिथे काहीच नोंद नसते, त्यामुळे अर्ज फेटाळला जाऊ शकतो. सुरुवातीला प्रीपेडच बरं.

प्रीपेड सिम आल्डी, लिडलसारख्या किराणा दुकानांतही मिळतं. नाव दुकानाचं असलं तरी नेटवर्क मोठ्या कंपनीचंच: आल्डी टॉक ओटूच्या, लिडल कनेक्ट व्होडाफोनच्या, नेटवर्कवर चालतं. काँगस्टार हे दुकान नव्हे, डॉइच टेलिकॉम या कंपनीचाच ब्रँड; तो तिच्याच नेटवर्कवर चालतो. मोठ्या शहरात कुठलंही घ्या. विद्यापीठ लहान गावात असेल तर तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारूनच घ्या. पॅक बहुधा चार आठवड्यांचा असतो, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज.

सिम विकत घेतलं म्हणजे चालू झालं असं नाही. १ जुलै २०१७ पासून प्रीपेडलाही ओळख पटवावी लागते. ऑनलाइन फॉर्म भरायचा, मग पासपोर्ट घेऊन व्हिडिओ कॉलवर किंवा पोस्टाच्या शाखेत पोस्टइडेंट, म्हणजे जर्मन पोस्टामार्फत ओळखीची पडताळणी, करायचं. व्हिडिओत पासपोर्टच्या पानावर दिव्याची चकाकी आली किंवा इंटरनेट अडखळलं की सगळं पहिल्यापासून. भारतीय पासपोर्ट व्हिडिओवर चालत नसेल, तर सरळ पोस्टात जा.

आपल्याकडच्या नावांची इथे हमखास गफलत होते. पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःच्या नावापाठोपाठ वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल, तर फॉर्ममध्येही ते तसंच्या तसं लिहा. मधलं नाव गाळलं की फॉर्म आणि पासपोर्ट जुळत नाहीत आणि अर्ज अडकतो. सिम पोस्टाने येणार असेल तर टपालपेटीवर तुमचं आडनाव चिकटवलेलं हवं. पत्ता बरोबर असला तरी पेटीवर नाव नसेल तर पाकीट परत जातं.

सिम ज्या प्लास्टिकच्या कार्डातून मोडून काढता, ते कार्ड फेकू नका. त्यावर चार आकडी पिन आणि आठ आकडी पीयूके असतो, बऱ्याचदा खरवडायच्या पट्टीखाली. आपल्याकडे सिमला पिन घालायची सवय नसते. इथे फोन बंद करून चालू केला की पिन विचारला जातो. तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि पीयूके लागतो. तोही दहादा चुकला की सिम कायमचं गेलं. कार्डाचा फोटो काढून ठेवा, पण तो त्याच फोनमध्ये ठेवून उपयोग नाही.

भारतातून आणलेल्या फोनमध्ये ४जीचा बँड २० (८०० मेगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा) आहे का, हे निघण्यापूर्वी बघा. जर्मनीतल्या खेडोपाड्यांतलं कव्हरेज बरंचसं त्यावर असतं आणि आपल्याकडच्या काही स्वस्त मॉडेलमध्ये तो नसतो. इथलं ३जी २०२१ मध्येच बंद झालं, त्यामुळे व्होएलटीई (४जीवरून कॉल करायची सोय) चाललं नाही तर कॉल थेट २जीवर जातो. प्रवासासाठीची ई-सिम दोन दिवस नकाशा बघायला ठीक; पण त्यातली बरीचशी नुसता डेटा देतात, नंबर नाही, म्हणून बँकेचा एसएमएस त्यावर येत नाही.

भारतातला नंबर बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा, इथे डेटा रोमिंग बंद ठेवा आणि वैधतेचा रिचार्ज वेळेवर मारत राहा. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. कॉल मात्र उचलू नका, त्याला पडतात.

नोकरी लागली, खातं स्थिरावलं की करार बघा. मुदत सहसा २४ महिन्यांची असते. डिसेंबर २०२१ पासूनच्या कायद्यानुसार ती संपल्यावर एका महिन्याच्या नोटिशीने करार सोडता येतो आणि जुना नंबर नव्या कंपनीकडे फुकट नेता येतो. मुदत संपताच करार बंद करायचा असेल तर निदान महिनाभर आधी कळवा. ऑनलाइन केलेला करार कंपनीच्या संकेतस्थळावरच रद्द करायचं बटण असतं. रद्द केल्याची पोच ईमेलने येते, ती जपा. पुढच्या महिन्यात खात्यातून पुन्हा पैसे गेले तर भांडायला तोच पुरावा.