डब्ल्यूडीएस सर्व्हिस स्टार्टच होत नाहीये? या चुका टाळा

कॉलेजची लॅब असो नाहीतर ऑफिस, पंचवीस-तीस मशीनवर एकदम विंडोज टाकायचं तर आजही बरेच जण विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेस, म्हणजे आपलं डब्ल्यूडीएसच वापरतात. आणि ते नेमकं इन्स्टॉलेशनच्या दिवशी बंद पडतं, स्टार्ट म्हटलं की दोन सेकंदात परत स्टॉप.

अशा वेळी सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाईघाईत सर्व्हरवरून डब्ल्यूडीएसचा रोल काढून परत टाकणं, प्लीज हे करू नका. रोल काढला तरी रिमोट इन्स्टॉलचं, म्हणजे इमेज ठेवायचं फोल्डर तिथंच राहतं, पोर्टचं भांडण असेल तर तेही तसंच राहतं, वर तुमची पीएक्सई (म्हणजे नेटवर्कवरून बूट) रिस्पॉन्सची सेटिंग्ज परत करत बसावी लागतात ती वेगळीच.

आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या नोंदी उघडा. इथे लोक सगळ्यात वरची एरर वाचतात आणि तीच गूगल करतात. ती असते इव्हेंट २५७, सर्व्हर स्टार्ट करताना एरर आली, बस, एवढंच सांगते. डब्ल्यूडीएसच्या आत वेगवेगळे प्रोव्हायडर, म्हणजे आपापलं काम करणारे भाग आहेत, पीएक्सईचा वेगळा, बूट फाइल पाठवणाऱ्या टीएफटीपीचा वेगळा, इमेज सर्व्हरचा वेगळा, आणि त्यातला महत्त्वाचा एक जरी उठला नाही तरी तो अख्खा सर्व्हर खाली घेऊन बसतो. त्यामुळे स्टार्ट दाबल्याची वेळ बघा आणि तिथून खालून वर वाचत या. त्या वेळेनंतरची पहिली एरर खरी, बाकीच्या तिच्या मागोमाग आलेल्या. बऱ्याचदा मधे ५१३ दिसते, त्यात कुठला प्रोव्हायडर पडला त्याचं नाव असतं. शेवटचा एरर कोड कागदावर लिहून घ्या, सगळं त्यात आहे.

कोड झीरो-एक्स-२७४० असेल तर त्याचा अर्थ पोर्ट आधीच कुणीतरी घेतलाय, आणि तो कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा त्याच मशीनवरचा डीएचसीपी, आयपी पत्ते वाटणारी सर्व्हिस. दोघांनाही यूडीपी ६७ हवा असतो. डब्ल्यूडीएस सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमधे डीएचसीपी टॅबवर जा आणि डीएचसीपी पोर्टवर ऐकू नकोस अशा अर्थाचा जो पहिला चेकबॉक्स आहे त्यावर टिक करा, त्याखालचा ऑप्शन ६० वालाही टिक करा, दोन्ही लागतात. पहिला केला आणि दुसरा राहिला तर सर्व्हिस छान चालू दिसते पण क्लायंटला कळतच नाही की पीएक्सई सर्व्हर इथेच आहे, आणि मग माणूस तासभर केबल तपासत बसतो. उलट डीएचसीपी दुसऱ्या मशीनवर असेल तर या दोन्ही टिक काढायच्या आणि डीएचसीपीमधे ऑप्शन ६० राहिला असेल तर तोही काढायचा. शंका असेल तर नेटस्टॅट ही कमांड चालवून ६७, ६९ आणि ४०११ या पोर्टवर कोण बसलंय ते बघा, अंदाज करत बसू नका.

डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सर्व्हिसही त्याच सर्व्हरवर असेल तर अजून एक भानगड. डब्ल्यूडीएसला ६४००१ ते ६५००० ही पोर्टची रेंज दिलेली असू शकते, आणि डीएनएस स्वतःसाठी भरपूर यूडीपी पोर्ट अडवून ठेवतो, त्यात ही रेंजही जाऊ शकते. डब्ल्यूडीएसच्या प्रॉपर्टीजमधल्या नेटवर्क टॅबमधे फिक्स्ड रेंजऐवजी विनसॉककडून (विंडोजचा नेटवर्किंगचा भाग) डायनॅमिक पोर्ट घ्यायचा पर्याय निवडा, सर्व्हिस रिस्टार्ट करा.

कोड ९०६ आला तर रिमइन्स्ट नावाचं शेअर, म्हणजे ते रिमोट इन्स्टॉलचं फोल्डर नेटवर्कवर सापडत नाहीये. कुणीतरी नवीन डिस्क लावली आणि डीचं ई झालं, किंवा सिक्युरिटीच्या नावाखाली शेअरिंग काढलं. ड्राइव्ह लेटर परत पूर्वीचं करा. शेअर खरंच बिघडलं असेल तर फोल्डरची कॉपी काढून ठेवा, डब्ल्यूडीएसयूटिल या कमांडने सर्व्हर अनइनिशियलाइझ करा आणि त्याच फोल्डरवर परत इनिशियलाइझ करा. रोल काढायची गरज इथेही नाही.

सर्व्हिस चालू, तरी काही मशीन बूट होतात आणि काही नाही? मग डीएचसीपीचा ऑप्शन ६७ (हा पोर्ट नव्हे, बूट फाइलच्या नावाचा रकाना) बघा. तिथे जुन्या बायोसची बूट फाइल टाइप करून ठेवलेली असते आणि बायोसच्या जागी यूईएफआय असलेल्या नवीन मशीनला ती चालतच नाही. ऑप्शन ६६ (बूट सर्व्हरचं नाव) आणि ६७ दोन्ही काढा. क्लायंट दुसऱ्या सबनेटमधे असतील तर राउटरवर आयपी हेल्परमधे (क्लायंटची विनंती पुढे पाठवणारी सेटिंग) डीएचसीपी आणि डब्ल्यूडीएस दोघांचे पत्ते द्या, माझ्या मते हाच एक धड मार्ग आहे.

आणि विंडोज ११ च्या आयएसओमधली बूट डॉट विम ही बूट इमेज थेट टाकली असेल तर सर्व्हरवर काही शोधू नका. तो रस्ता मायक्रोसॉफ्टनेच बंद केलाय, सेटअप तिथेच अडतो. पीएक्सईवरून स्वतःची विनपीई (छोटं, इन्स्टॉलपुरतं विंडोज) इमेज मात्र चालते, मायक्रोसॉफ्टचं एडीके हे टूलकिट घेऊन ती बनवा, त्यात त्या मॉडेलचा लॅन ड्रायव्हर घाला आणि आधी एकाच मशीनवर बूट करून बघा, आयपी मिळाला तरच बाकीची लॅब चालू करा.